गाडी उलटी करा: जुन्या आर.सी. बग्ग्यांच्या शर्यतीत कोण कुठल्या गटात

दृश्य: तपासणीचं टेबल. टॉवेलवर सोनेरी चॅसिसची बग्गी पालथी. बोट मधल्या ओरखड्यांवरून फिरतं.

निवेदन:
शर्यतीआधी तपासणीला आलेली आर.सी., म्हणजे रेडिओ-कंट्रोलची, गाडी आधी पालथी करतात. रंग, स्टिकर, डॅम्परची (शॉक अ‍ॅब्सॉर्बरची) चकाकी यांत तपासनिसाला रस नसतो. त्याला चॅसिस पाहायची असते आणि गिअरबॉक्स.

ही टीम असोसिएटेडची आरसी-१०, १९८४ साली अमेरिकेत बाजारात आलेली. दोन्ही कडा वर वळवलेला अ‍ॅल्युमिनियमचा टब, त्यावर सोनेरी अ‍ॅनोडायझिंग. मधोमध सोनेरी थर घासून आतला रुपेरी धातू दिसतोय, म्हणजे गाडी कपाटात बसून राहिलेली नाही. आता मागे पाहा. मोटर मागच्या आसाच्याही पलीकडे लोंबतेय. ही जागा लक्षात ठेवा, पुढे तिच्यावरूनच एक गाडी परत जाणार आहे.

दृश्य: जुन्या बग्ग्यांची रांग, सर्वांत जुनीपासून.

निवेदन:
टामियाची सँड स्कॉर्चर १९७९ ची. क्योशोची स्कॉर्पियन १९८२ ची. मग आरसी-१०. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेल मारला एक-दशांश मापाच्या इलेक्ट्रिक ऑफ-रोड गाड्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. टू-व्हील-ड्राइव्ह गटात जे हॅल्सी आरसी-१० वर जिंकला, फोर-व्हीलमध्ये गिल लोसी ज्युनिअर योकोमोच्या डॉग फायटरवर. दोनच वर्षांनी इंग्लंडमध्ये रॉम्सीला जोएल जॉन्सनने क्योशो अल्टिमावर टू-व्हील जिंकली आणि मासामी हिरोसाकाने शूमाकर कॅटवर फोर-व्हील.

आठ वर्षांत एवढी मजल. १९७९ ची सँड स्कॉर्चर आणि १९८७ ची अल्टिमा एकाच रेषेवर उभ्या केल्या, तर पहिल्या वळणानंतर त्या एकमेकींना दिसणारही नाहीत. म्हणून गट पाडावे लागतात.

जगभर चालणारी एकच नियमावली नाही. ब्रिटनमध्ये असो वा अमेरिकेत, आयोजक आपापला कागद काढतो, आणि गाडी जोडायच्या आधी वाचायचा तो तो कागद. पण सांगाडा बराचसा सारखा असतो. सुरुवातीच्या, धातूचे आर्म (चाक धरणारे दांडे) असलेल्या बग्ग्या एका बाजूला. ग्रासहॉपर आणि हॉर्नेट यांच्यासारख्या, मागचा आस अखंड असलेल्या गाड्यांना अनेक ठिकाणी स्वतंत्र गट. मग टू-व्हील बग्गी, फोर-व्हील बग्गी आणि ट्रक. वरची मर्यादा बहुधा १९९० च्या दशकात कुठेतरी पडते. तिथून पुढे साच्यात ओतलेल्या कॉम्पोझिट चॅसिस आणि लांब आर्म आले आणि आजच्या गाडीचा आराखडा तयार झाला.

दृश्य: टामिया फ्रॉगचे दोन खोके शेजारी शेजारी. कॅमेरा किटच्या क्रमांकांवर.

निवेदन:
सर्वांत जास्त वाद होतो तो इथे. डावीकडची फ्रॉग १९८३ ची, किट क्रमांक ५८०४१. उजवीकडची २००५ ची, क्रमांक ५८३५४. दुसरीला हौशी मंडळी री-री म्हणतात, म्हणजे कंपनीनेच पुन्हा काढलेली. हॉर्नेटचंही तसंच: मूळ ५८०४५, री-री ५८३३६. मग २०१३ मध्ये असोसिएटेडनेही आरसी-१० क्लासिक आणली.

नियमातलं वर्ष कशाचं धरायचं, गाडीचं की आराखड्याचं? बहुतेक आयोजक आराखड्याचं धरतात, आणि आमच्या मते तेच बरोबर आहे. री-रीला बंदी घातली तर मैदानात दहा गाड्या उरतील आणि त्यांचेही आर्म तिसऱ्या उडीला मोडतील. चाळीस वर्षांचा नायलॉन ठिसूळ होतो. पाण्यात वीस-तीस मिनिटं उकळला की ओलावा शोषून थोडा लवचीक होतो, पण ती डागडुजी झाली. हा उपाय फक्त नायलॉनला. एबीएस प्लास्टिकचा भाग उकळलात तर वाकडा होऊन बाहेर येईल.

काही ठिकाणी मात्र अस्सल गाड्यांची वेगळी फेरी असते. तिथे ओळख पटवावी लागते. प्लास्टिकवर कोरलेल्या सालावर विसंबू नका. टामियाने अनेक गाड्यांसाठी जुनेच साचे परत वापरले, त्यामुळे काल विकत घेतलेल्या भागावरही ऐंशीच्या दशकातलं साल असू शकतं.

दृश्य: फ्रॉगचा मागचा ड्राइव्हशाफ्ट, अगदी जवळून. षटकोनी टोक सॉकेटमधून बाहेर येतं.

निवेदन:
पाहायचं ते हे. मूळ फ्रॉगच्या ड्राइव्हशाफ्टचं टोक षटकोनी आहे. ते गिअरबॉक्सच्या षटकोनी खाचेत बसतं आणि तिथेच कोनात हलतं. या टोकाचे कोपरे बघा, गोल झालेत. अजून दोन शर्यती, मग खाचेत नुसतं फिरेल. मोटर किंचाळणार, गाडी जागेवरच. री-रीमध्ये त्या जागी डॉगबोन आहे: दोन्ही टोकांना गोळा, गोळ्यातून आरपार पिन. ते जास्त टिकतं. जुन्या फ्रॉगला नवे डॉगबोन लावायला बहुतेक ठिकाणी हरकत नसते. पण कागदावर एखादी ओळ असू शकते: अस्सल गटात मूळ ड्राइव्हशाफ्टच.

नाव बदललेल्या गाड्यांचा घोळ वेगळा. इंग्रजी जगात रफ रायडर म्हणून विकलेली गाडी २००९ मध्ये परतली ती बग्गी चॅम्प या नावाने. फॉर्मवर नाव वेगळं दिसलं म्हणून गाडी बाद होत नाही.

दृश्य: टेबलावर एका गाडीचे सुटे भाग, दोन ढिगांत.

निवेदन:
आता कुठला भाग बदलायचा आणि कुठला नाही. डावीकडे झिजणाऱ्या वस्तू: टायर, बेअरिंग, स्क्रू, डॅम्परच्या ओ-रिंग, तेल. या कुठल्याही काळातल्या चालतात. रेडिओही चालतो. २७ मेगाहर्ट्झचे क्रिस्टल सांभाळत बसा असं आता कुणी म्हणत नाही. २.४ गिगाहर्ट्झचा रिसीव्हर बॉडीखाली गेला की दिसतही नाही.

उजवीकडे गाडीची ओळख: चॅसिस, गिअरबॉक्स, सस्पेन्शनचे आर्म, शॉक टॉवर (डॅम्परचं वरचं टोक धरणारा भाग). हे मूळ तरी हवेत, री-री तरी, नाहीतर त्या काळात विकल्या गेलेल्या ऑप्शनच्या भागांपैकी. थॉर्प, एमआयपी, कॉम्पोझिट क्राफ्ट ही असे भाग बनवणारी त्या काळातली नावं. आज सीएनसीवर कापलेली कार्बनची चॅसिस आणलीत तर प्रश्न एकच: या आकाराची चॅसिस तेव्हा विकत मिळत होती का? उत्तर तुम्ही द्यायचं, आयोजकाने नाही. जुन्या कॅटलॉगच्या किंवा मासिकातल्या जाहिरातीच्या पानाची प्रत खोक्यात ठेवा. तोंडी दावे टेबलावर टिकत नाहीत, मागे रांग वाढत असते.

३-डी प्रिंटरवर काढलेल्या भागांबाबत अजून एकमत नाही. आमचं मत: न मिळणारा भाग हुबेहूब काढला असेल तर चालू द्यावा, भूमिती बदलली असेल तर नाही.

दृश्य: सहा सेलचा जुना निकॅड (निकेल-कॅडमियम) पॅक वजनकाट्यावर. शेजारी लायपो (लिथियम-पॉलिमर).

निवेदन:
नियमांत सगळ्यात जास्त ओळी मोटर आणि बॅटरीवर असतात. कारण समजण्यासाठी थोडा हिशेब.

ऐंशीच्या दशकात सब-सी आकाराचे सहा निकॅड सेल, ७.२ व्होल्ट, १२०० मिलिअँपिअर-तास. फेरी चार मिनिटांची धरा. चार मिनिटांत १२०० रिकामे करायचे तर सरासरी करंट १८ अँपिअर. त्याहून जास्त ओढलात, तर गाडी रेषेच्या अलीकडेच थांबणार. म्हणजे तेव्हा मोटर कितीही गरम वाइंडची (कमी वेढ्यांची, वेगवान) असली तरी लगाम बॅटरीच्या हातात होता.

आजचा लायपो ५००० चा. त्याच चार मिनिटांना सरासरी ७५ अँपिअर उपलब्ध. लगाम सुटला. एवढी ताकद फ्रॉगच्या त्या षटकोनी टोकावर गेली की काय होईल ते आत्ताच पाहिलं. म्हणून मोटरवर बंधन येतं: गट साधा असेल तर सीलबंद रुपेरी ५४० (हा मोटरच्या आकाराचा क्रमांक), नाहीतर २७ टर्नची, म्हणजे तारेच्या २७ वेढ्यांची, स्टॉक मोटर, किंवा १७.५ टर्नची ब्रशलेस. ब्रशलेस असेल तर ईएससी (इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर) शून्य टायमिंगवर, म्हणजे मोटरला जादा वेग न देणाऱ्या मोडमध्ये हवा. त्या मोडमध्ये त्याचा दिवा लुकलुकत राहतो, तपासनीस तोच बघतो. ग्रासहॉपरला मुळात ३८० मोटर होती. तिच्यात ५४० बसते, पण चालेल की नाही ते आधी विचारा.

बॅटरीबाबत तीन चुका नेहमी होतात.

दृश्य: गोल तळाची बॅटरीची जागा. चौकोनी लायपो तिच्यात बसत नाही.

निवेदन:
पहिली ही. स्टिक पॅकचं माप साधारण १३८ बाय ४६ बाय २५ मिलिमीटर. मापात लायपो बसायला हवा. पण जुन्या अनेक गाड्यांत बॅटरीची जागा गोल सेलसाठी केलेली, कोपरे गोलाकार. चौकोनी केसचा लायपो त्यावर अडतो. मग कुणीतरी कानस घेतो आणि चॅसिसच घासतो. चाळीस वर्षं टिकलेला भाग दहा मिनिटांत कायमचा बिघडतो. गोल कडांच्या केसचे लायपो मिळतात, तेच घ्या.

दुसरी: मूळचा मेकॅनिकल स्पीड कंट्रोलर, म्हणजे सर्व्होने फिरणारा, रेझिस्टर असलेला, आणि त्यावर लायपो. या कंट्रोलरला व्होल्टेज कळत नाही, तो बॅटरी तोडत नाही. सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की पॅक खराब होतो, फुगतो. मेकॅनिकल कंट्रोलर ठेवायचाच असेल तर निकेल-मेटल हायड्राइडचा पॅक वापरा. लायपो हवाच असेल तर बॅलन्स वायरीला (पॅकच्या प्रत्येक सेलपर्यंत जाणाऱ्या) बझर लावा आणि तो सेलमागे ३.४ व्होल्टच्या आसपास वाजेल असा ठेवा.

तिसरी चूक टेबलावरच पकडली जाते: पूर्ण चार्ज केलेला टू-सेल लायपो ८.४ व्होल्ट, त्याहून जास्त नाही. मल्टिमीटर लावून बघतात.

दृश्य: गाडी काट्यावर. आकडा स्थिरावतो.

निवेदन:
वजन. बऱ्याच ठिकाणी जुन्या मर्यादाच चालवतात: टू-व्हीलला किमान १४७४ ग्रॅम, फोर-व्हीलला १५८८. हे आकडे विचित्र वाटतात कारण ते औंसांतून आले, ५२ आणि ५६. सहा सब-सी सेल तीनशे ग्रॅमच्या वर जात. आखूड, ९६ मिलिमीटरचा शॉर्टी लायपो लावला की शंभर ग्रॅमच्या आसपास कमी होतात आणि गाडी काट्यावर हलकी पडते. मग पितळेच्या किंवा शिशाच्या पट्ट्या चिकटवतात. पण कुठे चिकटवल्या यावर गाडीचा तोल ठरतो, म्हणून काही नियमावल्या पूर्ण लांबीचा पॅकच मागतात.

दृश्य: दोन टायर. एक तडकलेला, टोकदार खुंट्यांचा. एक नवा, मऊ, बारीक खुंट्यांचा.

निवेदन:
जुना टायर तडकलाय, तो शोभेसाठी. नवा लागणारच. प्रश्न किती पकड द्यायची. आजचे बरेच ट्रॅक कृत्रिम हिरवळीचे किंवा कार्पेटचे. मऊ रबराचा, बारीक खुंट्यांचा टायर तिथे चिकटतो. चाक घसरलं की गिअरबॉक्सवरचा ताण निसटतो. चाक घसरलंच नाही तर तो ताण डिफच्या (डिफरन्शिअलच्या) दातांत, डॉगबोनच्या पिनमध्ये, आर्मच्या मुळाशी जातो. म्हणून कागदावर टायरचा नमुना ठरवून देतात, आणि काही ठिकाणी रिमही त्या काळातलीच हवी. आरसी-१० च्या मागच्या चाकाला आसातली पिन ओढते, पुढचं चाक स्वतःच्या बेअरिंगवर फिरतं. बारा मिलिमीटरच्या हेक्सची (षटकोनी जोडाची) रिम तिला सरळ बसत नाही, अडॅप्टर लागतो. अडॅप्टरने गाडी रुंद झाली की २५० मिलिमीटरच्या चौकटीत अडकते. चौकट म्हणजे खरोखरची लाकडी चौकट, गाडी तिच्यातून ढकलून पाहतात.

दृश्य: नवीन गाडी टेबलावर. सोनेरी टब. पालथी होते.

निवेदन:
चॅसिस पहिल्या गाडीसारखीच, आरसी-१० ची. सोनं झळाळतंय, एक ओरखडा नाही. पण मोटर आसाच्या पुढे, गाडीच्या मध्यात. मागचा गिअरबॉक्स आजच्या बग्गीचा, त्यासाठी टबला चार नवी भोकं पाडलीत. काम सुबक आहे, भोकांच्या कडा घासून गुळगुळीत केल्यात. टू-व्हील व्हिंटेज गटात तिला जागा नाही. ओपन, म्हणजे सर्वांना खुली, फेरी असेल तर तिथे धावेल.

पहिली आरसी-१० मात्र पास. गिअरबॉक्स उघडून मूळचे सहा गिअर मोजले, काट्यावर १५१२ ग्रॅम, बॅटरी ८.३९ व्होल्ट. पास झाल्याची खूण थेट टबवर करत नाहीत. आधी मास्किंग टेपचा तुकडा लावतात, त्यावर मार्करने ठिपका.

दृश्य: टेपवर ठिपका. टॉवेलवर पुढची गाडी, पालथी.