सांभाळायचं कुणी?

(दृश्य: क्षेत्रीय कार्यालयाचा जिना. नागरी सुविधा केंद्रासमोरची रांग, हातांत घडी घातलेली बिलं.)

उन्हाळा संपत आला की पुणे महापालिकेतून तीन कागद बाहेर पडतात. एक आपल्या घरी येतो, तो मिळकतकराचं बिल. दुसरा पेठांतल्या जुन्या वाड्यांच्या दारावर चिकटतो, ती धोकादायक बांधकामाची नोटीस. तिसरा ठेकेदाराच्या हातात पडतो, तो नालेसफाईचा कार्यादेश, म्हणजे काम सुरू करायचा हुकूम. तीन खाती, तीन साहेब, आणि एकमेकांशी बोलायचं कुणाला काही कारण नाही. भांडण मात्र तिन्हीकडे एकाच गोष्टीचं आहे. बांधून झालं, आता सांभाळायचं कुणी?

(दृश्य: बिलाचा क्लोजअप. बोट एकेका ओळीवरून खाली सरकतं.)

आधी बिल पाहू. सर्वसाधारण कर, सफाईपट्टी, अग्निशामक कर, वृक्षसंवर्धन, जललाभ, मलप्रवाह, पथकर, शिक्षणकर. सहा-सहा महिन्यांचे दोन भाग, आणि खाली एक आकडा. बहुतेक लोक थेट तो आकडा बघतात, सवलतीची तारीख बघतात आणि बिल फ्रिजवर ठेवून देतात. आपल्याला हवी ती गोष्ट बिलावर छापलेलीच नसते. आकडा काढायच्या आधी, हिशोबाच्या पोटात ती होऊन गेलेली असते.

कर बसवताना महापालिका आधी ठरवते, की हे घर भाड्याने दिलं असतं तर वर्षाला किती भाडं आलं असतं. मग त्यातून काही रक्कम वजा होते, देखभाल-दुरुस्तीसाठी. घर म्हटलं की गळतं, रंग उडतो, पाइप कुजतो. हे कायद्यालाही मान्य आहे. राज्याच्या महापालिका अधिनियमाच्या नियमांत ही वजावट १० टक्के आहे. पुण्यात ती कित्येक वर्षं १५ टक्के होती.

समजा भाडं धरलं वर्षाला ६०,००० रुपये. दहा टक्क्यांनी कर बसणार ५४,००० वर, पंधरा टक्क्यांनी ५१,००० वर. फरक ३,००० चा, आणि कर त्याच्या काही टक्के. एका घराला फार नाही. पण शहरातल्या सगळ्या घरांचा मिळून विचार केला, तर तिजोरीला तो नक्कीच जाणवतो.

हे पंधरा टक्के आले १९७० च्या ठरावातून. त्या वर्षी मुख्य सभेने, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेने, दोन गोष्टी मंजूर केल्या. मालक स्वतः राहत असेल, तर करपात्र रकमेत ४० टक्के सवलत. आणि दुरुस्तीची वजावट दहाऐवजी पंधरा. ठराव करणाऱ्यांना पुणेकर बरोबर कळला होता, असं आम्हाला वाटतं. स्वतःच्या घरात राहणाऱ्याला भाडं मिळत नाही, गळणारं छत मात्र त्यालाच दुरुस्त करावं लागतं.

चाळीसेक वर्षं कुणी हूं की चूं केलं नाही. मग लेखापरीक्षणात आक्षेप निघाला. कायद्यात दहा लिहिलंय, पंधरा कुठून आले? चाळीस टक्क्यांना आधार कुठला? कागदावर आक्षेप बरोबरच होता. राज्य सरकारने ठराव विखंडित, म्हणजे रद्द केला, २०१९ पासून नव्याने नोंद झालेल्या घरांना सवलत मिळेना, आणि हजारो लोकांच्या हातात फरकाची बिलं पडली. ज्यांनी वर्षानुवर्षं मुदतीच्या आत कर भरला, तेच एका रात्रीत थकबाकीदार ठरले.

पुढे २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ४० टक्के सवलत परत दिली. फ्लेक्स लागले, श्रेयावरून भांडणं झाली. ज्यांची सवलत गेली होती त्यांनी पीटी-३ नावाचा अर्ज भरायचा, सोबत सोसायटीचं पत्र आणि आपण इथेच राहतो याचे पुरावे. आपल्याच घरात आपणच राहतो, हे पुराव्यानिशी सिद्ध करायला पुण्यातली म्हातारी माणसं उन्हात रांगेत उभी राहिली.

या गडबडीत दुसरा भाग बहुतेकांच्या लक्षातच आला नाही. दुरुस्तीची वजावट पंधरावर परत गेलीच नाही. १ एप्रिल २०२३ पासून ती कायद्याप्रमाणे दहा. मागचा फरक माफ झाला, एवढंच. चाळीससाठी सगळे भांडले, त्या पाचांसाठी कुणीही नाही.

(दृश्य: आंबिल ओढा. काठावर काळ्या गाळाचे ढीग. मागे सोसायटीची सीमाभिंत, तिच्यात जुन्या-नव्या विटांचा जोड.)

आता ओढ्याकडे. आंबिल ओढा कात्रजकडून येतो आणि दांडेकर पुलाजवळून पुढे मुठेला मिळतो. तो आज जिथून वाहतो ती वाटसुद्धा सरकारी निर्णयाचीच. पूर्वी हा ओढा जुन्या गावातून जायचा. पेशवाईत, नानासाहेबांच्या काळात, त्याला बांध घालून वळवलं आणि पर्वतीच्या पायथ्याशी तळं केलं. त्या तळ्याच्या जागी आज सारसबाग आहे.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री हा ओढा काय करू शकतो ते शहराने पाहिलं. कात्रज, सहकारनगर, अरण्येश्वर, दांडेकर पूल, जिथे जिथे पाण्याची वाट आवळली होती तिथे तिथे ते घरांत शिरलं. टांगेवाले कॉलनीत भिंत पडून माणसं दगावली. शहर आणि आसपासचा परिसर मिळून वीसहून अधिक जीव गेले. सोसायट्यांच्या सीमाभिंती एकामागून एक कोसळल्या, पार्किंगमधल्या गाड्या एकमेकींवर चढल्या.

चिखल उपसून झाला आणि मग प्रश्न आला भिंतींचा. ओढा महापालिकेचा. भिंत सोसायटीची. पाणी ओढ्याचं, त्याने पाडली भिंत. आता बांधायची कुणी? सोसायटी म्हणते, ओढा तुम्ही नीट ठेवला नाहीत. महापालिकेचं उत्तर ठरलेलं असतं, खासगी जागेत सार्वजनिक पैसा खर्चता येत नाही. दोन्ही बाजूंत तथ्य आहे, आणि म्हणूनच असा विषय वर्षानुवर्षं लोंबकळतो. ओढ्याकाठी राहणारा माणूस मात्र दर जूनमध्ये गाडी वरच्या रस्त्यावर लावायला लागतो. वकिलाकडे जाण्यापेक्षा ते सोपं पडतं.

नालेसफाईचंही बघा. जेसीबी पात्रात उतरतो, गाळ उपसून काठावर टाकतो. ओला गाळ ट्रकमध्ये भरला तर रस्ताभर सांडतो, म्हणून तो वाळेपर्यंत ठेवायचा आणि मग उचलायचा. पद्धत चुकीची नाही. पण काम मार्चमध्ये सुरू झालं तर गाळ वाळतो. निविदा, मंजुरी, कार्यादेश करत करत ते मेच्या मध्यावर गेलं, तर वळवाचा एक पाऊस पुरतो. काठावरचा ढीग घसरतो आणि जिथून आला तिथे परत जातो. कागदावर मात्र गाळ काढलेला असतो.

(दृश्य: पहाट. आरोग्य कोठी. हजेरीचं रजिस्टर, भिंतीला टेकवलेले खराटे. काही क्षण निवेदन नाही, फक्त खराट्यांचा आवाज.)

या शहरात रोज सकाळी न चुकता होणारी देखभाल आहे ती या कोठीवरून, सफाई कामगारांच्या हजेरीच्या जागेवरून निघणारी. मुकादम हजेरी घेतो, गल्ल्या वाटून देतो. या कामाचं उद्घाटन नसतं, त्यामुळे इथे फोटोही निघत नाहीत.

(दृश्य: महापालिका भवन. मुख्य सभागृह.)

पैशाचा निर्णय कुठे होतो? आयुक्त अंदाजपत्रक मांडतात, ते स्थायी समितीकडे जातं, समिती त्यात आपली भर घालते आणि मग मुख्य सभा. नगरसेवकांच्या प्रभागातल्या कामांची एक वेगळी यादी असते, तिला महापालिकेत 'स' यादी म्हणतात. पुणेकरांना ती नावाने माहीत नसेल, पण ते रोज तिच्यावरून चालतात. चांगले पेव्हर ब्लॉक काढून नवे पेव्हर ब्लॉक, चौकाचौकातली बाकडी, कमानी, गल्लीच्या नावाच्या पाट्या. आणि बाकड्याच्या पाठीवर नाव, कुणाच्या संकल्पनेतून, कुणाच्या विशेष प्रयत्नांतून. ड्रेनेजचं खचलेलं झाकण वर उचलून बसवलं, तर त्यावर नाव टाकायला जागा नाही.

मग येतो मार्च. एका कामाचा पैसा दुसऱ्या कामाकडे वळवायचा, त्याला म्हणतात वर्गीकरण. दुरुस्तीसाठी ठेवलेली रक्कम वर्षभरात कुठे कुठे जाऊन आली हे ज्याला शोधायचं असेल, त्याने अंदाजपत्रकाच्या जाड पुस्तकापेक्षा वर्गीकरणाचे ठराव वाचावेत. कंटाळवाणे असतात. पण खरी गोष्ट तिथे सापडते.

नगरसेवक नसले की हे थांबतं का? तेही पुण्याने बघितलं. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि पुढची निवडणूक झाली थेट जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळजवळ चार वर्षं प्रशासक. आयुक्तांनी मांडायचं, प्रशासकांनी मंजूर करायचं, आणि दोघांची खुर्ची एकच. बाकड्यांवरची नावं कमी झाली खरी. पण त्याच काळात नगरसेवकांना नावं ठेवणाऱ्या माणसांनाच प्रश्न पडला, ड्रेनेज तुंबलं तर आता फोन कुणाला करायचा? अ‍ॅपवर तक्रार टाकली की ती 'निराकरण झाले' म्हणून बंद होते, आणि तुंबलेलं तुंबलेलंच राहतं. आता पुन्हा १६५ नगरसेवक आहेत. फोन करायला माणूस आहे, बाकडीही येतील.

(दृश्य: कसबा पेठ. लाकडी टेकू दिलेला वाडा. सागवानी खांब, खचलेला जिना, दारावर नोटीस.)

शेवटचा कागद, वाड्याच्या दारावरचा. महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली ही नोटीस निघते. इमारत धोकादायक आहे, दुरुस्त करा किंवा उतरवा. नोटीस मालकाला आणि भाडेकरूंनाही. मालक बहुधा इथे राहत नाही. मालक म्हणजे एक माणूसही नसतो, सातबाऱ्यासारखी वाढत गेलेली वारसांची यादी असते. त्यातले काही कोथरूडला, काही परदेशात, काहींचा आपसात दावा चालू. आत राहतात ते भाडेकरू, दोन खणांत, तीन पिढ्या.

दुरुस्ती कायद्याने मालकाने करायची. त्याने केली नाही, तर १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात भाडेकरूला एक वाट ठेवली आहे. मालकाला लेखी कळवा, तो हलला नाही तर स्वतः दुरुस्ती करा आणि खर्च भाड्यातून कापून घ्या. ऐकायला ठीक. फक्त वर्षभरात जे भाडं होईल त्याच्या एक चतुर्थांशाच्या वर कापता येत नाही. आता जुन्या वाड्यातलं भाडं घ्या, समजा महिना ४० रुपये. वर्षाचे झाले ४८०. त्याचा चौथा हिस्सा १२० रुपये. वाळवी लागलेल्या तुळईच्या दुरुस्तीला कायद्याने मोजून दिलेली ही रक्कम, वर्षाला. सुतार तेवढ्यात जिनाही चढणार नाही.

म्हणून कुणीच दुरुस्त करत नाही. मालकाला भाड्यात परवडत नाही, आणि खरं सांगायचं तर वाडा पडलेला त्याला चालतो, जागेला भाव आहे. भाडेकरूला वाटतं, परक्याच्या घरात पैसे का घालू. पावसाळ्यात वरच्या मजल्यावर प्लास्टिकचा कागद ताणतात, खाली टेकू लावतात आणि आणखी एक साल निघतं.

महापालिकेचे लोक येतात, पंचनामा करतात, पाणी तोडायचा इशारा देतात, कधी तोडतातही. तरी लोक हलत नाहीत. ते हट्टी आहेत असं बातम्यांत वाचायला मिळतं. आत जाऊन विचारलं तर हिशोब सरळ असतो. वाडा उतरवला आणि आपण किती जागेत राहत होतो याचा पुरावाच उरला नाही, तर नव्या इमारतीत खोली कुठल्या आधारावर मागायची? त्यामुळे अधिकारी आले की भाडेकरू आधी त्यांच्या हातात टेप देतात. खोली मोजा, गॅलरी मोजा, मोरीसुद्धा मोजा, आणि क्षेत्राचा दाखला लिहून द्या. सही-शिक्क्याचा तो कागद हातात पडला की मग सामान बांधायला घेतात.