पोकळ तुळई

पुण्याचा विश्रामबागवाडा. १८०७च्या सुमारास दुसऱ्या बाजीरावांनी बांधून घेतलेला. मान वर करून बघा. सुरूच्या घाटाचे खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या म्हणजे बारीक आडवी लाकडं, कड्यांवर तख्तपोशी म्हणजे फळ्यांचं छत. प्रत्येक लाकूड वरचं ओझं खालच्याकडे सोपवतं.

आणि ही तुळई एका नव्या हॉटेलातली. तसाच तपकिरी रंग, तशाच गाठी. पण ही नुसती शोभेची, काहीच पेलत नाही. आतून पोकळ आहे.

ती घडते अशी. पाडलेल्या वाड्याच्या सागवानातून एक लाकूड निवडतात, भेगा पडलेलं, वाकसाचे, म्हणजे लाकूड तासायच्या हत्याराचे, घाव असलेलं. त्यावर पातळ सिलिकॉन ओततात. रबरासारखं घट्ट झालं की सोलून काढतात. हा साचा. खिळ्याचं भोकसुद्धा त्यात उतरलंय. मग दोन द्रव एकत्र करून साच्यात ओतले, की पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा फेस, म्हणजे फोम, फुगत फुगत भेगाभेगांत शिरतो आणि काही मिनिटांत कडक होतो. बाहेर येते ती फिकट, हलकी, पन्हळीसारखी पोकळ तुळई.

तिचं लाकूड होतं ते पॉलिशवाल्याच्या हातात. आधी मातकट पिवळ्या रंगाचा एक हात. तो वाळला की गडद तपकिरी, आणि लगेच फडक्याने पुसून काढायचा. गडद रंग खोलगटात तेवढा उरतो. गाठीपाशी रेषा कशी वळते, हे त्याला आयुष्यभर खरं सागवान हाताळून कळलंय. फवाऱ्याने एकसारखा मारलेला रंग कुणालाही लांबून ओळखू येतो.

आठ इंची चौकोनी, सोळा फुटी सागवानी तुळई सव्वाशे किलोंच्या आसपास जाते. ही दोघांनी उचलली. स्लॅबला आधी लाकडी रिपा, त्यांवर पन्हळ, बाजूंनी स्क्रू, स्क्रूवर पुट्टी, पुट्टीवर रंगाचा ठिपका. दिव्यांच्या वायरी पोकळीतून गेल्या.

फोम पेटला तर धूर विषारी असतो. गिऱ्हाईक बसतं तिथे आगीच्या चाचणीत उतरलेलाच माल लावावा, आग विझवणारे छतातले पाण्याचे फवारे, म्हणजे स्प्रिंकलर, झाकू नयेत.

आता अशा नकली तुळयांची ही दोन छतं. पहिल्यात तुळया दालनाच्या लांबीने धावतात आणि भिंतीच्या वीतभर अलीकडे संपतात. दुसऱ्यात त्या अरुंद बाजूने, भिंतीपासून भिंतीपर्यंत. वाड्याच्या सुताराने अशाच टाकल्या असत्या, कारण दोन आधारांमधलं अंतर लांब असलं की लाकूड वाकतं. डिझायनरांनी कॅटलॉग उघडण्याआधी एखाद्या वाड्यात टेप घेऊन जावं.

संध्याकाळ. दिवे लागलेत. पॉलिशवाला शिडीवरून उतरलाय, पण नजर अजून वरच आहे. मधल्या तुळईच्या सांध्यावर रेषा तुटलीय. ब्रश घेऊन तो पुन्हा शिडी चढतोय.