रवा म्हणजे कुठला रवा?

हे कोल्हापूरचं मार्केट यार्ड. सकाळची वेळ, गुळाचा सौदा अजून सुरू व्हायचाय, हमाल लोक गाडीतून रवे उतरवून ओळीनं लावतायत आणि माश्यांना तर काय, रोजचीच दिवाळी. आपण चाललोय आतल्या एका अडत दुकानात, म्हणजे शेतकऱ्याचा माल कमिशनवर विकून देणाऱ्या दुकानात. टेबलावर कॉम्प्युटर दिसतोय बघा, आणि कीबोर्डला खेटून ती लाल लांब वही, दोऱ्यानं पेन बांधलेली. बघणाऱ्याला वाटेल, दिवाणजी आधी वहीत लिहितात, मग संध्याकाळी पोरगा तेच कॉम्प्युटरमध्ये भरतो. म्हणजे एकच काम दोनदा.

मी ह्या दुकानात पहिल्यांदा आलो तो सॉफ्टवेअर बसवणाऱ्या टीमबरोबर. आमच्यातला एक जण पुण्याचा, हुशार पोरगा, पण त्यानं मालाची यादी भरताना 'रवा' टाकला तो थेट किराण्याच्या ग्रुपमध्ये, गव्हाच्या पिठाशेजारी. दिवाणजींनी स्क्रीनकडे बघितलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि विचारलं, "साहेब, उपमा करताय व्हय?" कोल्हापुरात रवा म्हणजे गुळाची ढेप हो, पुण्याच्या पोराला कुठून माहीत असणार.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. नवीन सॉफ्टवेअर आलं की धंद्यानं त्याच्याप्रमाणे वळायचं, का सॉफ्टवेअरला आपल्याप्रमाणे वळवून घ्यायचं? विकणारा म्हणतो आमची पद्धत जगभर चालते, तुम्ही बदला. मालक म्हणतो मी पैसे मोजलेत, तू बदल. आणि दोघांच्या मध्ये बसलेला असतो दिवाणजी, त्याला कुणी विचारत नाही.

जरा लांब जाऊ, जर्मनीत. लिडल नावाची स्वस्त किराण्याची साखळी, दहा हजारांच्या वर दुकानं. 2011 साली त्यांनी जुनी सिस्टीम काढून सॅप नावाच्या कंपनीचं धंदा सांभाळायचं सॉफ्टवेअर बसवायला घेतलं, आणि सॅप पण जर्मनीचीच, म्हणजे घरचंच कार्य म्हणा ना. गाडी अडली कुठं, तर शिल्लक मालाची किंमत कुठल्या भावानं धरायची इथं. तयार सॉफ्टवेअर धरायचं विक्रीच्या भावानं, लिडल पहिल्यापासून धरत आलेलं खरेदीच्या भावानं. मी हे दिवाणजींना सांगितलं तर ते म्हणाले, "खरेदीच्याच भावानं धरायचा की, माल विकला नाही तवर नफा कसला धरताय." म्हणजे लिडलचं अगदीच चुकलं होतं असं नाही, ही गोष्ट सांगताना लोक त्यांना उगाच येड्यात काढतात.

पण त्यांनी काय केलं, आपली पद्धत सोडायची नाही, सॉफ्टवेअर बदलायचं. आता मालाची किंमत हा काय एका कोपऱ्यात बसलेला आकडा नसतो ना, तो गोदामात जातो, ऑर्डरमध्ये जातो, नफ्यातोट्याच्या रिपोर्टात जातो, म्हणजे इथं एक खिळा उपटला की तिकडं चार फळ्या हलायला लागतात, मग त्या फळ्यांना टेकू, टेकूला परत खिळे. ऑस्ट्रिया, नॉर्दर्न आयर्लंड, अमेरिका इथल्या दुकानांत ते चालू पण झालं होतं. आणि 2018 च्या जुलैमध्ये बंद. जर्मन वृत्तपत्रांनी खर्चाचा आकडा दिला तो साधारण 50 कोटी युरो, तेव्हाच्या भावानं 4000 कोटी रुपयांच्या आसपास. सात वर्षांनी कंपनी परत आपल्या जुन्या सिस्टीमवर.

हे ऐकून कुणी म्हणेल, बघा, म्हणून गपगुमान सॉफ्टवेअर सांगेल तसं करावं. थांबा जरा. आपल्याकडं गल्लोगल्ली जे चालतं ते टॅली कुठून आलं? बेंगळुरूचे श्यामसुंदर गोएंका गिरण्यांना मशीनचे पार्ट पुरवायचे, त्यांना हिशोबासाठी मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना म्हणून त्यांनी मुलालाच, भरत गोएंकांना, लिहायला लावलं. साल 1986. टॅलीत खात्याला कोड नंबर लागत नाही, पार्टीचं नाव टाका, झालं. मुनीम काय वहीत '1047' लिहीत नव्हता, 'पाटील गुऱ्हाळवाले' असंच लिहायचा. धंद्याच्या सवयीला मान दिला आणि म्हणूनच दुकानादुकानात पोचलं, असं मला वाटतं.

आता परत आपल्या दुकानात. (नाव घेत नाही, सॉफ्टवेअरचं पण आणि दुकानाचं पण.) मालकांना शेतकऱ्याला द्यायची पट्टी हवी होती, मराठीत, किती रवे, वजन किती, भाव काय, हमाली, तोलाई आणि आधी घेतलेली उचल वजा करून हातात किती. तयार बिलात हे काही बसेना. मग एका पोराला पकडून पट्टीचा प्रोग्राम लिहून घेतला. झकास पट्टी निघायची, शेतकरी खूष. दोन-तीन वर्षांनी सॉफ्टवेअरचं नवीन व्हर्जन आलं आणि पट्टी निघायची बंद. त्या पोराला फोन लावला तर तो दुबईत. दुकानाकडं होती फक्त बंद केलेली फाईल, जी चालवता येते पण उघडून दुरुस्त करता येत नाही, आणि मूळ लिहिलेला प्रोग्राम त्याच्या जुन्या लॅपटॉपमध्ये, जो त्यानं विकून पण टाकलेला. ऐन सीझनला आठ दिवस दिवाणजींनी हातानं पट्ट्या लिहिल्या. लाल वही तेव्हा जी परत टेबलावर आली ती आलीच.

तरी पण मी म्हणेन पट्टीचा प्रोग्राम करून घेतला ते बरोबरच होतं. त्या कागदावर तर शेतकऱ्याचा विश्वास बसतो, पुढची गाडी ह्याच दुकानात लावायची का शेजारी ते त्यावर ठरतं. फक्त मूळ फाईल पहिल्याच दिवशी पेनड्राईव्हवर मागून घ्यायला हवी होती, पैसे देतानाच, नंतर कुणी उभं करत नाही.

चुकलं ते दुसरीकडंच. रव्यांची संख्या आणि किलो अशी दोन मापं एकाच मालाला हवीत म्हणून पण वेगळे पैसे मोजलेले. आणि ती सोय सॉफ्टवेअरमध्ये मुळातच होती! सेटिंगमध्ये एक 'हो' करायचं होतं. आमच्या टीमला पण उशिरा कळलं, कबूल करतो.

आणि मालकांची तिसरी मागणी, ती तर ऐकाच. मागच्या तारखेची एंट्री बदलली तरी कुठं दिसू नये. आता 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांना असंच सॉफ्टवेअर वापरावं लागतं ज्यात प्रत्येक बदलाची नोंद राहते आणि ती नोंद बंद करता येत नाही. आपलं दुकान काही कंपनी नाही, तरी मी हात जोडले. ई-इनव्हॉइसचं पण तसंच, 1 ऑगस्ट 2023 पासून 5 कोटींच्या वर उलाढाल असली की सरकारच्या साच्यातच बिल पाठवायचं, तिथं तुमच्या आजोबांची पद्धत कोण विचारतो.

म्हणून मी आता कुठंही गेलो की सॉफ्टवेअर आधी बघत नाही, कीबोर्डशेजारची वही बघतो. वही नसेल तर एक्सेल असतं, नाहीतर मालकाच्या मोबाईलवर स्वतःलाच पाठवलेले व्हॉट्सॅप मेसेज. सॉफ्टवेअरला हात लावायचा नाही असं कितीही ठरवा, लोक आपापलं कस्टमायझेशन, म्हणजे आपल्या सोयीप्रमाणे बदल, त्या वहीत करतातच, फक्त त्याचं बिल येत नाही.

परवा ह्या व्हिडिओसाठी आलो तेव्हा ती लाल वही उघडून बघितली. रव्यांचा हिशोब आता तिच्यात नाही, पट्टी पण नाही. पानंच्या पानं फक्त उचल. कुणी पोरीच्या लग्नाला घेतली, कुणी बोअर मारायला.

"हे का नाही भरत कॉम्प्युटरात?" मी विचारलं.

दिवाणजी म्हणाले, "तिथं टाकलं की महिन्यानं थकबाकीत लाल दिसतंय. मालक बघत्यात आणि फोन लावत्यात. माणूस सीझनला माल घालणार हाय, त्याला आत्ता कशाला फोन?"

बाहेर सौद्याची हाळी झाली. त्यांनी वही मिटली, काखेत मारली आणि निघाले.