सॅकमधलं जेवण, गच्चीवर वाळलेलं

नमस्कार श्रोतेहो.

उन्हाळा लागला की सोलापुरात गच्चीगच्चीवर जुनी धोतरं अंथरली जातात. कुरडया, सांडगे, शेवया, पापड. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि हवा इतकी कोरडी असते की सकाळी टाकलेली कुरडई संध्याकाळी खुळखुळते. याच उन्हात ट्रेकला न्यायचं अख्खं जेवण वाळवता येतं. वरणभात, मटकीची उसळ, भाज्या. आज त्याचीच कृती सांगायची आहे.

मुळात हा खटाटोप कशासाठी? शिजलेल्या भातात सुमारे सत्तर टक्के पाणी असतं. डाळीत त्याहूनही जास्त. ते पाणी पाठीवर वाहून गड चढण्यात अर्थ नाही. मग कच्चा डाळ-तांदूळ न्यावा, तर इंधन फार जळतं. हिमालयात साडेतीन हजार मीटरवर पाणी साधारण 88 अंशांनाच उकळतं, तिथे कुकरशिवाय तूरडाळ शिजता शिजत नाही. घरी शिजवून मग वाळवलेल्या डाळीचं शिजणं आधीच झालेलं असतं. तिला फक्त पाणी प्यायचं असतं.

इथे एक फरक नीट लक्षात घ्या. मिरची किंवा गवारी वाळवणं वेगळं आणि शिजलेलं अन्न वाळवणं वेगळं. शिजलेलं अन्न ओलं असताना झपाट्याने आंबतं. म्हणून ज्या दिवशी शिजवाल त्याच दिवशी त्यातली बहुतेक ओल गेली पाहिजे. रात्रीचा उरलेला भात सकाळी वाळत टाकायचा नाही. पहाटे शिजवा, आठच्या सुमाराला तो ताटांत पसरलेला असला पाहिजे.

भातासाठी जुना, सडसडीत होणारा तांदूळ घ्या. भरपूर पाण्यात शिजवून पेज वेळून काढा आणि भात चाळणीत घालून गार पाण्याने धुऊन घ्या. पेज राहिली की शितं एकमेकांना चिकटतात, गोळे होतात, आणि गोळा बाहेरून वाळला तरी आत ओला राहतो. बुरशी तिथूनच सुरू होते. अर्धा किलो तांदळाच्या भाताला सुमारे एक चौरस मीटर जागा लागते, शितावर शीत येता कामा नये. कापडापेक्षा स्टीलची ताटं बरी, ती स्वतः तापतात आणि खालूनही ऊब देतात. वर मलमलचं कापड ताणून बांधा, धूळ आणि माश्या दोन्ही अडतात. दर तासाला हात फिरवून शितं मोकळी करा. वाळलेलं शीत काचेसारखं दिसतं आणि दाताखाली कट्‌कन तुटतं. चिवट लागलं, तर अजून ऊन हवं.

डाळ जरा नाजूक. पाव किलो तूरडाळ हळद-हिंग घालून कुकरमध्ये मऊ शिजवा, पाणी बेताचंच ठेवा. उतू जाऊ नये म्हणून कुकरमध्ये तेलाचा थेंब टाकायची सवय असते, ती इथे मोडायची. तेल वाळत नाही. ते डाळीच्या कणांवर बसतं, आतली ओल बाहेर येऊ देत नाही आणि काही आठवड्यांत खवट होतं. फोडणी गडावर. मीठ, गूळ, चिंचही आत नको, कारण तिन्ही हवेतला ओलावा ओढतात. आंबटपणासाठी आमचूर वेगळ्या पुडीत न्या.

शिजलेली डाळ घोटून तीन-चार मोठ्या ताटांत जेमतेम 3 मिलिमीटर जाडीची पसरा. दोन-अडीच तासांत वरची साय कोरडी होते, तिला भेगा पडतात, कडा ताटापासून सुटून वर वळू लागतात. तेव्हा उलथण्याने खरवडून खालची ओली बाजू वर आणा आणि तुकडे करा. हे राहिलं, तर वर पापडी आणि खाली लगदा असं होतं. दिवस मावळताना तुकडा मोडून बघा. मधे गडद आणि मऊ असेल, तर ताट बाहेर ठेवू नका आणि झाकूनही ठेवू नका. फ्रीजमध्ये ठेवून सकाळी पुन्हा उन्हात, किंवा लगेच तव्यावर मंद आचेने परतून ओल काढा. आंबूस वास आला, तर मात्र ती डाळ टाकूनच द्या. पुन्हा वाळवून किंवा उकळून ती खाण्याजोगी होईल या भरवशावर राहू नका. खडखडीत वाळलेली डाळ मिक्सरला फिरवली की भरड पूड होते.

मोड आलेली मटकी शिजवून वाळवली, तर उसळ छान होते, कारण दाणे फुटलेले असतात आणि पाणी लवकर शोषतात. छोले-राजमा टाळा, ते मधे टणकच राहतात. पनीर, अंडी, मटण उन्हात वाळवू नका. त्यात घरगुती अंदाज चालत नाही.

भाज्यांचं थोडक्यात. गाजर, फरसबी, कोबी बारीक चिरून दोन-तीन मिनिटं उकळत्या पाण्यात, मग गार पाण्यात, मग पंचावर निथळून ताटात. उकळून घेतलं नाही, तर रंग जातो आणि वाळल्यावर गवतासारखा वास येतो. मटारच्या सालीतून ओल निघत नाही, म्हणून वाफवल्यावर दाणा हलकेच चेपायचा. मेथी सावलीतच. टोमॅटोच्या चकत्या अर्ध्या सेंटिमीटरच्या, त्या कुरकुरीत होत नाहीत, चामड्यासारख्या चिवट झाल्या की पुरे.

घरी विजेचा ड्रायर असेल, तर 57 ते 60 अंश ठेवा. भाताला सहा-आठ तास, डाळीला आठ-दहा. लवकर व्हावं म्हणून तापमान वाढवलं की बाहेर कवच धरतं आणि ओल आत कोंडते. वरून खडखडीत आणि आठ दिवसांनी आतून बुरशी, यामागे बहुतेक वेळा हेच कारण असतं.

वाळलं म्हणून लगेच पुड्या बांधू नका. पूर्ण गार झालेलं वाळवण काचेच्या बरणीत दोन तृतीयांश भरा, घट्ट झाकण लावा आणि आठवडाभर रोज एकदा हलवा. सकाळी बरणी उजेडात धरून बघा. काचेला आतून धूसर बाष्प दिसलं किंवा पूड गोळा होऊ लागली, तर पुन्हा एक दिवस उन्हात घाला. हा आठवडा वाचवू नका, कमी-जास्त वाळलेले दाणे याच काळात एकसारखे होतात.

एका माणसाच्या एका जेवणाचं माप असं: वाळलेला भात 80 ग्रॅम, डाळीची पूड 40 ग्रॅम, भाजी 15 ग्रॅम. मीठ, काळा मसाला, आमचूर यांची छोटी पुडी वेगळी आणि तूप घट्ट झाकणाच्या बाटलीत, माणशी जेवणाला एक मोठा चमचा. सगळं मिळून दीडशे ग्रॅमच्या आसपास. म्हणजे तीन दिवसांची सहा जेवणं एक किलोच्या आत बसतात. पुड्या हवाबंद ठेवा आणि तीन महिन्यांत संपवा.

सोबत आपली कडक भाकरी आहेच. तिला वेगळं वाळवायला नको, फक्त सॅकमध्ये तिचा चुरा होतो, म्हणून रुंद स्टीलच्या डब्यात, वर-खाली फडकं घालून न्या. मोडली तरी बिघडत नाही, गरम वरणात कुस्करली की झालं. शेंगाचटणीचा दोन चमचे गोळा त्या वरणावर पडला की चवही येते आणि चढाला लागणारी ताकदही.

गडावर पोचल्यावर पुडी भांड्यात ओता, 450 मिलिलिटर पाणी घाला आणि पंधरा मिनिटं नुसतंच भिजू द्या. ही पंधरा मिनिटं बहुतेकांना धरवत नाहीत. भुकेपोटी थेट आच लावली जाते, डाळ तळाला लागते आणि भात कचकचीत राहतो. भिजल्यावर मसाल्याची पुडी घालून ढवळत पाच मिनिटं चांगलं उकळा. टाक्यातलं पाणी असेल, तर ते आधी वेगळं उकळून घेतलेलं हवं. मग स्टोव्ह बंद करा, झाकण ठेवा आणि भांडं टॉवेलमध्ये किंवा स्वेटरमध्ये गुंडाळून दहा मिनिटं बाजूला ठेवा. उरलेलं काम आतल्या वाफेवर होतं, गॅसही वाचतो. तूप शेवटी.

निघण्याआधी आठ दिवस यातली एक पुडी घरच्या गॅसवर करून बघा. तांदळागणिक पाणी कमी-जास्त लागतं. किती लागलं ते मोजा आणि तोच आकडा मार्करने बाकीच्या पुड्यांवर लिहून ठेवा, वाळवल्याच्या तारखेशेजारी.