वॉल स्ट्रीटची लाल खोली कुणाची? हिल्ड्रेथ मिएर, आणि मोझॅक उलटं का लावतात

नमस्कार मंडळी! एकच रील इतक्या जणांनी पाठवलंय की आज बाकीचं सगळं बाजूला ठेवून कॅमेऱ्यासमोर बसले आहे. न्यूयॉर्कची वॉल स्ट्रीट, उंच लाल भिंती, त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरलेल्या सोनेरी रेषा आणि मधोमध मांडलेले महागडे बूट. खाली प्रश्न ठरलेला: "ताई, या दुकानाचं इंटीरियर कुणी केलं?"

दुकानाने नाही केलं, मंडळी. प्रँतां हे पॅरिसचं दुकान त्या इमारतीत आलं मार्च 2025 मध्ये. भिंती आहेत 1931 च्या. इमारत बांधली आयर्विंग ट्रस्ट या बँकेने, वास्तुकार राल्फ वॉकर, आणि ही खोली म्हणजे बँकेचं स्वागतदालन. तिला नावच आहे रेड रूम. कित्येक वर्षं सामान्य माणसाला तिथे पाऊल ठेवता येत नव्हतं. जून 2024 मध्ये न्यूयॉर्क शहराने तिला संरक्षित वारसा म्हणून जाहीर केलं. भिंतींवरच्या मोझॅकचं, म्हणजे रंगीत तुकडे जोडून केलेल्या चित्राचं, संकल्पन केलं हिल्ड्रेथ मिएर या बाईंनी. रीलमध्ये त्यांचं नाव कुठेच नाही, आणि मला खरा राग त्याचा आहे.

(स्क्रीनवर मिएर यांचा फोटो)

चरित्र भराभर सांगते, कारण ते कुठेही वाचायला मिळेल. जन्म 1892, न्यूयॉर्क. तरुणपणी इटलीत फ्लोरेन्सला शिकल्या, तिथली भित्तिचित्रं पाहिली आणि ठरवलं की आपल्याला भिंतच हवी. सुरुवात मात्र नाटकाच्या वेशभूषेपासून केली. पहिल्या महायुद्धात अमेरिकन नौदलात ड्राफ्ट्सवुमन, म्हणजे तांत्रिक रेखाटनं करणाऱ्या, होत्या. नंतर वास्तुकार बर्ट्रम गुडह्यू यांनी कामं दिली आणि तिथून चाळीसेक वर्षं चर्च, सिनेगॉग, सरकारी इमारती, बँका, जहाजं अशी शंभराच्या आसपास कामं झाली. 1956 मध्ये अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सचं फाइन आर्ट्स पदक मिळालं. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या बाई. 1961 मध्ये गेल्या. झालं चरित्र.

आता मुद्द्यावर येते. मागे मी कम्युनिटी टॅबवर या खोलीचा फोटो टाकला होता. त्याखाली एका दादांनी लिहिलं, "म्हणजे बाईंनी फक्त डिझाइन काढलं, काम तर कारागिरांनी केलं ना?" आणि त्याला भरपूर लाइक्स! हा "फक्त" मला सहन होत नाही. मी स्वतः भिंतीची कामं करते. एका शाळेच्या भिंतीचं काम पूर्ण झाल्यावर उद्घाटनात टाइल्स पुरवणाऱ्याचा सत्कार झाला, सिमेंट पुरवणाऱ्याचाही झाला, आणि ज्या मुलीने ते चित्र योजलं होतं ती मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. ती माझी मैत्रीण. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात आहे, म्हणून आज तो नीट सोडवून सांगणार आहे.

मोझॅक म्हणजे भिंतीसमोर उभं राहून एकेक तुकडा चिकटवायचा, असं बहुतेकांना वाटतं. तसंही करतात. पण एवढ्या मोठ्या कामाला, तेही दुसऱ्या खंडात तयार होणाऱ्या, ती पद्धत चालत नाही. रेड रूमचं मोझॅक तयार झालं बर्लिनला, पूल अँड वाग्नर यांच्या कारखान्यात. तर पद्धत ऐका. आधी छोटं रंगीत चित्र, प्रमाणात काढलेलं. त्यावरून भिंतीच्या मापाचं पूर्ण आकाराचं रेखाटन. त्याला कार्टून म्हणतात, ते आपलं टीव्हीवरचं नव्हे. मग ते रेखाटन उलटं करून घ्यायचं, आरशात दिसतं तसं. त्या उलट्या कागदावर काचेचे तुकडे पालथे चिकटवायचे, म्हणजे भिंतीवर जी बाजू दिसणार ती कागदाकडे. मग कागदाचे भाग कापायचे, प्रत्येकावर क्रमांक घालायचा, खोक्यात भरायचे आणि जहाजाने पाठवायचे. जागेवर ओल्या गिलाव्यात ते भाग दाबून बसवले, की कागद वर येतो. तो भिजवून सोलून काढायचा, आणि तेव्हा कुठे पहिल्यांदा चित्राचा चेहरा दिसतो.

"उलटं" हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. रबरी शिक्का हातात घेऊन बघा, त्यावरची अक्षरं उलटी असतात. आता सोनेरी तुकड्याचं उदाहरण घ्या. त्यात सोन्याचा वर्ख काचेच्या दोन थरांमध्ये असतो, वरचा थर अगदी पातळ, खालचा जाड. पातळ बाजू कागदाला चिकटलेली. म्हणजे बर्लिनच्या टेबलावर काम करणाऱ्याला दिसते ती तुकड्याची पाठ. सोन्याची झळाळी त्याला दिसतच नाही. तीसेक फूट उंचीची खोली, तळाशी गडद रक्तासारखा लाल, वर जाताना हळूहळू नारिंगीकडे झुकणारा, त्यात सोन्याच्या रेषा. हे सगळं एकत्र कसं दिसेल हे त्या टेबलापाशी कुणालाही बघता येत नव्हतं. मग ते ठरलं कुठे? बाईंच्या कागदावर. "फक्त डिझाइन" ते हेच.

हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने बघू. समजा मिएर बाई एकच चित्र काढत होत्या आणि कारागीर ते हव्या त्या सामानात उतरवत होते. असं असतं, तर त्यांची सगळी कामं एकसारखी दिसली असती. पण बघा. वॉशिंग्टनला नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसचा घुमट, 1924. तिथे आवाज घुमू नये म्हणून गुआस्ताविनो कंपनीच्या सच्छिद्र टाइल्स लावल्यात, आणि त्यावर गेसोचा, म्हणजे खडूच्या लेपाचा, उठाव देऊन रंगवलंय. खालून बघणारा शपथेवर सांगेल की मोझॅकच आहे. नेब्रास्का राज्याच्या लिंकन शहरातल्या कॅपिटॉलमध्ये, म्हणजे तिथल्या विधिमंडळाच्या इमारतीत, घुमटांना चकाकत्या टाइल्स, जमिनीला संगमरवराचं मोझॅक आणि विधिमंडळाच्या एका सभागृहाच्या दारांना कोरीव चामडं. दारं चामड्याची, हो! आणि न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलच्या भिंतीवर अठरा फूट व्यासाच्या तीन चकत्या, नृत्य, नाट्य आणि गान, त्या वेगवेगळ्या धातूंच्या आणि मीनाकारीच्या. त्या घडवल्या ऑस्कर बाख यांनी. चामड्यावरची रेघ वेगळी, धातूच्या पत्र्याची कड वेगळी. संगमरवरात रंग मोजकेच मिळतात, काचेत हवे तितके. कुठल्या सामानाला काय झेपेल हे आधी ओळखून चित्र काढावं लागतं.

(नेब्रास्काच्या जमिनीचा फोटो, सावकाश झूम)

नेब्रास्काच्या जमिनीपाशी मी थोडी थांबणार आहे, कारण ती माझी सगळ्यात लाडकी आहे. कॅपिटॉलची मध्यवर्ती कल्पना लिहून दिली हार्टली बर अलेक्झांडर यांनी, ते तिथल्या विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवत. मोठ्या घुमटाखाली जमिनीवर मधोमध धरणीमाता, तिच्याभोवती पाणी, अग्नी, हवा आणि माती. त्यांना गुंफणाऱ्या पट्ट्यात प्राणी आहेत, आणि ते नुसते नक्षीचे प्राणी नव्हेत. नेब्रास्काच्या भूमीत ज्यांचे जीवाश्म सापडले ते हे प्राणी. रेखाटनं होती अर्विन बार्बर या जीवाश्मतज्ज्ञांची. मिएर बाईंनी शास्त्रज्ञाचं चित्र घेतलं, प्राण्याची ओळख बिघडू न देता त्याला संगमरवराच्या तुकड्यांत बसवलं, आणि वर्तुळाच्या लयीत वळवलं. आज शाळेची मुलं त्यावरून चालत जातात आणि खाली वाकून आपल्याच मातीतले प्राणी शोधतात. त्याच जागी मान वर केली की शंभर फुटांहून उंचावर पंख असलेल्या आठ आकृत्या, आठ सद्गुणांच्या. एकाच बाईने जमीन आणि घुमट दोन्ही योजलेत, म्हणून ती जागा एकसंध वाटते.

आणि आता तिसरी बाजू, मग हा विषय सोडते. वास्तुकाराने एक वीट रचलेली नसते, तरी इमारतीला आपण त्याचंच नाव देतो. राल्फ वॉकर यांना कुणी विचारत नाही, "गिलावा तुम्ही केला का?" मग भिंतीच्या चित्रकर्तीलाच का विचारायचं? कारागिरांची नावं घ्या, जरूर घ्या, मीही बाख यांचं घेतलं, बर्लिनच्या कारखान्याचं घेतलं. पण त्यासाठी चित्रकर्तीचं नाव पुसायची गरज नाही.

आणखी एका कॉमेंटला उत्तर देते. "ताई, बाई फक्त श्रीमंत बँकांसाठीच काम करायच्या का?" नाही. दुसऱ्या महायुद्धात एका नागरी समितीने सैनिकांसाठी घडीची, कुठेही नेता येतील अशी प्रार्थनाचित्रं करवून घेतली, तीन फळ्यांची. त्या मोहिमेत बाई अग्रभागी होत्या. जहाजांवर आणि तळांवर अशी पाचशेहून जास्त चित्रं गेली. ज्या सैनिकाला चर्च मिळणार नाही, त्याच्यापर्यंत भिंतच नेऊन पोचवली त्यांनी.

फोर्टात काम करणाऱ्या एका ताईंनी विचारलंय, आपल्याकडे असं काही आहे का. रेड रूमसारखंच आर्ट डेकोच्या, म्हणजे 1920-30 च्या दशकांतल्या भौमितिक सजावटीच्या शैलीच्या, काळातलं मुंबईत हवं असेल, तर न्यू इंडिया अॅश्युरन्सच्या इमारतीवरची ना. ग. पानसरे यांची शिल्पं बघा. त्यांच्यावर वेगळा व्हिडिओ करायचाच आहे, आज त्यात शिरत नाही.

न्यू जर्सीहून लिहिणाऱ्या मंडळींसाठी एका दिवसाचा बेत सांगते. सकाळी पार्क अॅव्हेन्यूवरचं सेंट बार्थोलोम्यू चर्च. थेट आत घुसू नका, आधी दारातल्या दालनात थांबून छताकडे बघा. तिथल्या छोट्या घुमटांत सृष्टीच्या निर्मितीचे दिवस आहेत. मग आत, वेदीमागच्या अर्धघुमटात मोठं मोझॅक. तिथून चालत रेडिओ सिटी. निऑनच्या पाटीसमोर फोटो काढून परत फिरू नका, वळून पन्नासाव्या रस्त्याच्या बाजूला जा, समोरच्या फुटपाथवर उभे राहा आणि वर बघा. दुर्बीण असेल तर न्या. रेड रूम शेवटी ठेवा. ते दुकान आहे, त्यामुळे आधी वेळ बघून घ्या. आत गेल्यावर बूट राहू द्यात, भिंतीच्या अगदी जवळ जा आणि लाल तुकडे नीट न्याहाळा, एका हातभर जागेत किती वेगळे लाल आहेत ते. आणि रील टाकलंत तर खाली नाव लिहा: हिल्ड्रेथ मिएर.