आगमनकाळ: रिकाम्या गव्हाणीचे चार आठवडे

[दृश्य: वसईतलं एक घर. मेजावर सुरूच्या फांद्यांचं कडं, त्यात चार मेणबत्त्या.]

नोव्हेंबर सरत आला की दुकानांत चांदण्या लागतात, केकच्या ऑर्डरी सुरू होतात. नाताळसाठी मनाची तयारी एवढ्या घाईने होत नाही, म्हणूनच चर्चने तिला वेगळा काळ दिला आहे: नाताळआधीचा, येशूच्या जन्माची वाट पाहण्याचा आगमनकाळ. आगमनकाळाचा पहिला रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबरच्या दरम्यान येतो आणि त्याच दिवशी उपासनेचं नवं वर्ष सुरू होतं. रविवार नेहमी चार, दिवस मात्र कमी-जास्त: 2022 मध्ये 28 होते, 2023 मध्ये 22च. 2026 मध्ये सुरुवात 29 नोव्हेंबरला आहे.

[दृश्य: पहिली मेणबत्ती पेटते.]

तीन जांभळ्या, एक गुलाबी. पहिल्या रविवारी एक पेटवायची, दुसऱ्या रविवारी दोन. गुलाबीची पाळी तिसऱ्या रविवारी. तो आनंदाचा रविवार, त्या दिवशी धर्मगुरूंचा झगाही गुलाबी असू शकतो. चारही मेणबत्त्या पहिल्याच दिवशी पेटवल्या, तर वाट कसली पाहायची?

पहिली मेणबत्ती सगळ्यांत जास्त जळते, म्हणून ती उंच घ्या. सुरूच्या काड्या वाळल्या की भसकन पेटतात. तिसऱ्या रविवारी फांद्या बदला आणि मेणबत्त्या वाळू भरलेल्या वाट्यांत उभ्या करा.

रोज संध्याकाळी एक वेळ ठरवा. टीव्ही बंद, फोन बाजूला. त्या दिवसासाठी नेमलेलं शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधला येशूच्या जीवनाचा उतारा, एकाने सावकाश वाचायचं, दोन मिनिटं गप्प बसायचं, मग ‘हे आमच्या बापा’ ही प्रार्थना. दहा मिनिटं पुरतात. उत्साहाच्या भरात पहिल्या दिवशी पूर्ण रोझरी (जपमाळेची प्रार्थना) आणि चार गीतं जोडली, की दुसऱ्या आठवड्यात मुलं पेंगतात आणि प्रार्थना सुटते.

16 डिसेंबरपर्यंतच्या वाचनांत यशया संदेष्टा आणि बाप्तिस्मा करणारा योहान पुन्हा पुन्हा भेटतात: जागे राहा, वाट सरळ करा. 17 तारखेला मत्तयच्या शुभवर्तमानातली येशूची वंशावळ येते. नावांची लांबलचक यादी म्हणून बरेच जण ती उरकून टाकतात. तसं करू नका. तामार, राहाब, रूथ, उरीयाची बायको अशी नावं त्या यादीत आहेत. परक्या जमातीच्या, लोकांनी बोट दाखवलेल्या बायका. देवाचा पुत्र अशा घराण्यात जन्म घेतो. आपल्या घराण्यात ज्यांचं नाव काढायला आपण लाजतो, त्यांच्यासाठी त्या संध्याकाळी प्रार्थना करावी.

[दृश्य: चर्चमधली पापनिवेदनाची जागा. बाकावर दोघे-तिघे.]

पापनिवेदन, म्हणजे धर्मगुरूंपुढे आपली पापं कबूल करून क्षमा मागणं, शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. तेव्हा रांग मोठी असते आणि माणूस पाठ केलेली चार वाक्यं बोलून उठतो. दुसऱ्या आठवड्यातच जा. आदल्या रात्री शांत बसून आत्मपरीक्षण करा: कोणाचे पैसे द्यायचे आहेत, बांधावरून कोणत्या भावाशी बोलणं तुटलं आहे. लवकर गेलं की पापक्षमेनंतर पैसे फेडायला आणि भावाच्या दारात जायला दिवस हाताशी उरतात. ते राहिलं, तर आमच्या मते तयारी अर्धीच झाली.

[दृश्य: गोठा. गव्हाण रिकामी. एक मूल पेंढ्याची काडी ठेवतं.]

गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, आधी उभारला तरी चालतो, पण बाळ येशूची मूर्ती 24 डिसेंबरच्या रात्रीपर्यंत बाहेर काढायची नाही. गव्हाणीशेजारी पेंढा ठेवा. कोणी काही चांगलं केलं, तर एक काडी आत: आजारी शेजाऱ्याला डबा दिला, राग गिळला. काडी गुपचूप ठेवायची, मोजायची नाही. मोजणी सुरू झाली की भावंडांची चढाओढ लागते आणि चांगलं काम काडीसाठी होऊ लागतं.

25 तारखेनंतर गोठा लगेच उतरवू नका. नाताळकाळ त्या दिवशी सुरू होतो आणि जानेवारीत येणाऱ्या प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो.