आधी किरकिर की आधी पुरळ?

(ठाण्यात नौपाड्यातल्या पालकांसमोर एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. कडेवर पोरं असलेल्यांना आधी बसू द्या. आणि मागे ते बाळ रडतंय त्याला बाहेर नेऊ नका, आजचा विषयच तो आहे.

माझ्या दवाखान्यात रोज एक तरी आई मोबाईल पुढे करते. "मॅडम, काल रात्री अंगावर असं उठलं होतं, सकाळी गेलं." फोटो पिवळ्या दिव्याखाली काढलेला, त्यात पोरगं हललेलं. मला त्यात पुरळ सोडून पंखा, उशी, सगळं दिसतं. मागून आजी म्हणतात, "दात येतायत हो, म्हणून किरकिरतंय." दातांच्या नावावर आपण जेवढं खापर फोडलंय तेवढं सासवांच्याही नावावर फोडलं नसेल. दात येताना हिरड्या शिवशिवतात, लाळ गळते, लाळेने हनुवटी लाल होते. पण दातांमुळे १०२ ताप येत नाही आणि अंगभर पुरळही उठत नाही.

म्हणून मी फोटो बाजूला ठेवते आणि विचारते, आधी काय झालं? पोर आधी किरकिरायला लागलं की आधी पुरळ उठलं? ताप होता का? होता तर पुरळ उठल्यावर उतरला की वाढला? दीड वर्षाच्या पोराला "खाजतंय" म्हणता येत नाही, "तोंडात दुखतंय" म्हणता येत नाही. त्याच्याकडे एकच शब्द आहे, भोकाड. तो कधी आणि कशानंतर निघतो, यावरून आम्हाला वाचावं लागतं.

सोपं उदाहरण घेते. वय साधारण ६ महिने ते २ वर्षं. तीन-चार दिवस सणसणीत ताप, पोर कुणाकडे जात नाही. बाकी काही सापडत नाही. चौथ्या दिवशी ताप खाडकन उतरतो आणि त्याच दिवशी पोट-पाठ गुलाबी ठिपक्यांनी भरते. हा रोझिओला, विषाणूचा आजार, आपोआप बरा होणारा. गंमत पुढे आहे. तिसऱ्या दिवशी घाबरून कुणीतरी अँटिबायोटिक सुरू केलेलं असतं. चौथ्या दिवशी पुरळ. मग फाइलवर लाल शाईने लिहिलं जातं, "पेनिसिलिनची ॲलर्जी". ते पोर कॉलेजात जाईपर्यंत तो शिक्का घेऊन फिरतं. क्रम कुणी विचारलाच नाही.

पावसाळ्यात पाळणाघरांतून एका आजाराची साथ फिरते, त्याचं नावच हात-पाय-तोंड. तिथेही लाळ गळते, म्हणून पुन्हा दातांवर ढकललं जातं. पण पोर भुकेलं असतं, वाटी पाहून तोंड उघडतं आणि पहिल्याच घासाला किंचाळतं. टॉर्च घेऊन घसा बघा, फोड दिसतील. मग तळहात, तळपाय, ढुंगण. गार दही-भात, गार दूध द्या, आठवड्याभरात निवळतं. महिन्या-दीड महिन्याने एखादं नख सुटून आलं तर घाबरू नका, नवीन येतं.

घामोळ्यांबद्दल फार बोलत नाही. घामाची नळी बुजते, वरून आपण पावडर थापून ती आणखी बुजवतो. गार पाणी, सुती झबलं, पंखा. झालं.

आता माझी स्वतःची चूक सांगते. कोलशेतकडून एक सव्वा वर्षाची मुलगी यायची. दिवसा हसरी, रात्री अकरानंतर रडारड. अंगावर बारीक पुटकुळ्या, खरचटलेल्या. मला एक्झिमा वाटला, म्हणजे कातडी कोरडी पडून खाजण्याचा त्रास. मॉइश्चरायझर दिलं, सौम्य स्टेरॉइड दिलं. थोडं निवळलं, पुन्हा आलं. असे तीन आठवडे गेले. तिसऱ्या भेटीत वडील दाराशी उभे राहून मनगट खाजवत होते, बोलता बोलता, नकळत. म्हटलं, हात दाखवा. बोटांच्या बेचक्यात बारीक रेघा. "घामाने होतंय मॅडम." घाम कसला, खरूज! मग पोरीचे तळपाय उलटे करून पाहिले. मोठ्यांना तळपायावर फारशी होत नाही, बाळांना होते, डोक्यावरसुद्धा होते. ते मी आधी पाहिलंच नव्हतं. आणि स्टेरॉइडने पुरळ झाकलं गेलं होतं, ते माझंच काम.

खरजेचा किडा अर्ध्या मिलिमीटरहून लहान. मादी कातडीत बोगदा करून अंडी घालते. पहिल्यांदा होते तेव्हा खाज सुटायला ४ ते ६ आठवडे लागतात, म्हणून "कुठून आली" याचा पत्ता लागत नाही. खाज रात्री चढते, पोर रात्री रडतं. घाणेरडेपणाशी याचा संबंध नाही, टॉवरच्या बाविसाव्या मजल्यावरही होते. परमेथ्रिन ५ टक्के मलम घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, ज्याला खाजत नाही त्यानेही. आठवड्याने पुन्हा. त्यानंतरही खाज दोन-तीन आठवडे राहते, तेव्हा मलम फुकट गेलं असं समजून रोज थापू नका. आणि औषधाच्या दुकानातून तीन औषधं एकत्र असलेली क्रीम परस्पर आणू नका. त्यात बहुतेक वेळा तीव्र स्टेरॉइड असतं.

आता ज्यासाठी मी खरं तर आले ते. ताप ५ दिवसांवर गेलाय, औषधाला दाद देत नाही. अंगावर पुरळ. डोळे लाल, पण चिपडं नाहीत. ओठ फुटलेले, जीभ स्ट्रॉबेरीसारखी. हात-पाय सुजलेले. आणि पोर इतकं चिडलेलं की आईच्या खांद्यावरही शांत होत नाही. नुसती किरकिर नाही, आई म्हणते, "हे माझं पोरच वाटत नाही." जपानच्या डॉ. टोमिसाकू कावासाकींनी असं पहिलं मूल १९६१ साली पाहिलं, १९६७ साली त्यावर लिहिलं. कावासाकी आजारात हृदयाच्या रक्तवाहिन्या सुजतात. उपचार न झालेल्या चार-पाच मुलांमागे साधारण एकाच्या वाहिन्यांना फुगे येतात. ताप सुरू झाल्यापासून १० दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रक्तदात्यांकडून मिळवलेली प्रतिपिंडं, शिरेतून दिलं तर हा धोका बराच खाली येतो. सगळी लक्षणं एकाच दिवशी नसतात. डोळे सोमवारी लाल, गुरुवारी पांढरे. म्हणून तारखा लिहा. बोटांची सालं निघण्याची वाट पाहू नका, तोवर दुसरा-तिसरा आठवडा उजाडतो.

आणि एक जागा आपल्याकडे प्रत्येक घरात आहे. डाव्या दंडावरचा बीसीजीचा व्रण. तापात तो अचानक लाल होऊन सुजला, तर कावासाकीचा संशय घ्यायचा. बाही वर करा, इतकंच काम. मलाही कधीकधी आठवण करून द्या.

पुरळावर काचेचा पेला दाबा. ठिपके दिसेनासे झाले नाहीत आणि अंगात ताप असेल, पोर मलूल असेल, तर माझ्या दवाखान्यात नंबर लावू नका, सरळ मोठं हॉस्पिटल गाठा. भोकाड पसरणारं पोर मला चालतं. रडायचं थांबून नुसतं पडून राहिलेलं पोर मला घाबरवतं.

...प्रश्न? हो, आजी, बोला. गोवर. कडुलिंबाचा पाला खुशाल उशाशी ठेवा. पण २०२२ साली गोवंडीत आणि आपल्या जिल्ह्यात भिवंडीला गोवर पसरला, त्यात लस न घेतलेली पोरं बरीच होती. लसीचा ९ महिन्यांना एक डोस, १६ ते २४ महिन्यांत दुसरा. कापूर? खोबरेल तेलात कापूर घालून छातीला चोळता? नको. बाळांना कापराने आकडी येऊ शकते. हो, तुमच्या सुनेने सांगितलं होतं म्हणता, तर तिचं बरोबर होतं. आता तुम्ही तिला सांगायचं की मी सांगायचं?